जुन्या कपाटाची हँडलं कुठे मिळतील?

प्रश्न : आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. वर दोन दारं, खाली सहा ड्रॉवर. ड्रॉवरना पितळी हँडलं आहेत. मागे नक्षीची पट्टी आणि पुढे लोंबती कडी, अशी. त्यातली दोन कधी गेली ते कळलंच नाही. वरच्या डाव्या दाराची एक बिजागरीही तुटली आहे. गावातली हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, “ताई, असलं आता येत नाही, सगळीच बदलून टाका.” सुतार म्हणतो, नवी भोकं पाडू, त्यात काय एवढं! माझं मन धजावत नाही. अशी हँडलं खरंच कुठे मिळतात का, की सगळी बदलणंच शहाणपणाचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मन धजावलं नाही हे फार बरं झालं. दुकानदार तुम्हाला फसवत नाही आणि सुतारही वाईट माणूस नाही. दुकानात आजच्या प्लायवूडच्या फर्निचरला लागणारा माल असतो आणि त्या मालाप्रमाणे लाकडाला भोकं पाडायची सुताराला सवय झालेली असते. तुमच्या कपाटाला नेमकं उलट हवं आहे. लाकडातली भोकं आणि खाचा आहेत तिथेच राहतील, धातू त्यांच्या मापाने आणायचा. हँडल उद्या पुन्हा बदलता येईल, भोक परत बुजवता येत नाही. बुजवलं तरी दिसतंच.

आधी एक गैरसमज दूर करू. जुनं कपाट म्हटलं की त्यावरची प्रत्येक कडी कुणा कारागिराने एकेक करून घडवली असणार, तिला जगात जोड नसणार, असं आपल्याला वाटतं. लाकूडकाम बऱ्याचदा तसं असतंही, गावातल्याच सुताराच्या हातचं. पितळेचं सामान मात्र तेव्हाही तयारच यायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. तिथले कारखानदार हँडलं, बिजागऱ्या, कड्यांची चित्रं असलेले जाडजूड कॅटलॉग छापायचे आणि वसाहतींच्या बाजारात माल पाठवायचे. आपल्याकडे अलीगढ कुलपांसाठी प्रसिद्ध, पण तिथे पितळी हार्डवेअरचा धंदाही मोठा आहे. तेव्हा तुमच्या हँडलाची भावंडं पुष्कळ आहेत. काही दुसऱ्यांच्या कपाटांवर आहेत, काही मोडीच्या पेटीत पडली आहेत. शोधात राम आहे तो एवढ्यामुळेच.

पण बाहेर पडण्याआधी घरातलं काम पुरं करा. एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि दर्शनी फळीची आतली बाजू उजेडात बघा. हँडलाच्या दोन भोकांखेरीज मधोमध एखादं बुजवलेलं भोक दिसलं, तर मुळात तिथे एकच गोल मूठ होती आणि ही हँडलं मागाहून बसली. पुढच्या बाजूने पट्टीच्या कडेला लाकडाचा रंग बघा. पट्टीखालचं लाकूड वेगळ्या रंगाचं राहतं आणि त्या डागाचा आकार पट्टीशी जुळत नसेल तर तोही पुरावा. स्क्रूचं डोकंही बोलतं. सरळ खाचेऐवजी अधिक चिन्हाची खाच असेल, तर तो स्क्रू पुढच्या काळात कुणीतरी बसवला आहे, कारण हे डोकं १९३०च्या दशकात अमेरिकेत आलं आणि आपल्या सुतारांच्या पेटीत पोचायला त्यालाही पुढे बराच वेळ लागला. हे सगळं बघायचं कारण साधं आहे. आहेत ती हँडलं मूळची नसतील, तर त्यांच्या जोडीसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. मग सहाच्या सहा बदला, खुशाल.

ती मूळचीच निघाली असं धरू. आता उरलेल्या चारातलं एक हँडल नमुना म्हणून काढायचं. दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवून काही होत नाही. फोटोत सगळी हँडलं सारखीच दिसतात, फरक असतो तो दोन-तीन मिलिमीटरचा. जुना पितळी स्क्रू मऊ असतो, घाई केली तर डोकं तुटून हातात येतं आणि दांडा लाकडात राहतो. म्हणून आधी खाचेत साठलेलं पॉलिश टोकदार वस्तूने कोरून काढा. खाचेत गच्च बसेल अशाच पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. प्रथम किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवा, पकड सुटली की मग उलट. तरीही हलेना तर सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने स्क्रूचं डोकं थोडा वेळ गरम करा. धातू फुगतो आणि गार होताना लाकडाची मिठी सैल होते.

आता माप. इथेच बहुतेकांचा शोध फसतो. हँडलाची एकूण लांबी कामाची नाही. हवं असतं एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. मध्य नेमका सापडत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारखी असतील तर उत्तर तेच येतं. मापपट्टीवर विश्वास नसेल तर भोकांवर पातळ कागद ठेवून, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी, पेन्सिल आडवी घासा. तो कागद दुकानात न्या, वाद उरत नाही.

तुमचं अंतर बहुधा तीन, साडेतीन किंवा चार इंच भरेल. सुतारांच्या भाषेत साडेतीन म्हणजे तीन इंच चार सूत, कारण आठ सुतांचा एक इंच. दुकानातली हँडलं मात्र ६४, ९६, १२८, १६० मिलिमीटर अशी मिळतात. हे आकडे चमत्कारिक वाटतात, पण नीट बघा, प्रत्येकाला ३२ने भाग जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाकडी भुश्शाच्या फळ्यांचं फर्निचर कारखान्यात बनू लागलं, तेव्हा एका फटक्यात ओळीने भोकं पाडणाऱ्या यंत्रांसाठी दोन भोकांत ३२ मिलिमीटर हे अंतर रूढ झालं. हँडलंही त्याच पटीत आली. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. तुमचं कपाट त्याच्या आधीचं, म्हणजे इंचाच्या राज्यातलं. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. ९६चं हँडल त्याच्यापुढे साधारण पावणेदोन सूत आखूड पडतं, आणि पावणेदोन सूत भोक सरकवायचं म्हणजे जुन्या भोकाच्या कडेलाच नवं भोक. लाकूड तिथे चिरलं नाही तरच नवल. त्यातून गंमत अशी, की ९६ मिलिमीटरचं हँडल आपल्याकडे खोक्यावर ‘चार इंच’ म्हणूनच विकलं जातं. खोक्यावरचं वाचू नका, भोकं मोजा.

अंतर जुळलं तरी स्क्रूचा प्रश्न राहतो. लोंबत्या कडीच्या हँडलाला मागून, ड्रॉवरच्या आतून स्क्रू येतो आणि पुढच्या खुंटीत आट्यांवर बसतो. जुने आटे बहुधा व्हिटवर्थ पद्धतीचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण मांडलं, ते इंग्रजांच्या राज्यात सगळीकडे चाललं. ५/३२ इंचाचा व्हिटवर्थ स्क्रू आणि आजचा एम-४ स्क्रू शेजारी ठेवले तर डोळ्याला जुळे वाटतात. पहिल्याची जाडी ३.९७ मिलिमीटर, दुसऱ्याची ४. पण पहिल्याला इंचात ३२ आटे, दुसऱ्याला सुमारे ३६. म्हणून नवा स्क्रू जुन्या खुंटीत एक-दोन वेढे अगदी गोडीने शिरतो आणि मग अडतो. आपल्याला वाटतं गंज असेल, म्हणून जोर लावतो, आणि खुंटीतले मऊ पितळी आटे साफ होतात. दोन वेढ्यांनंतर अडला तर थांबा, तो स्क्रू त्या खुंटीचा नव्हेच. व्हिटवर्थ आट्यांचे स्क्रू अजून बनतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टवाल्यांची रांगच आहे, तिथे नमुना दाखवून मागा.

आणि लांबीही बघा. नव्या हँडलाबरोबर येणारे स्क्रू १८-१९ मिलिमीटरच्या प्लायला पुरतील असे, साधारण २५ मिलिमीटरचे असतात. सागवानी ड्रॉवरची दर्शनी फळी बऱ्याचदा २२ ते २५ मिलिमीटर जाड असते. स्क्रू पलीकडे पोचतच नाही. मग सुतार आतून फळी कोरायला निघतो. त्याला चहा द्या आणि थोडे लांब स्क्रू आणायला पाठवा.

आता मुख्य प्रश्न, कुठे शोधायचं. सगळ्यात आधी आपल्याच घरात. कपाटाच्या वरच्या दारामागे किंवा जुन्या पत्र्याच्या डब्यात सुटलेलं हँडल ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेलं असतं. त्यानंतर भाऊबंदांत. एकाच सुताराने एका घरासाठी कपाट, टेबल, आरसा असं बरंच काही केलेलं असायचं आणि सामान एकाच खोक्यातलं वापरलेलं असायचं. वाटणीत कपाट तुमच्याकडे आलं, तर त्याचं जोडीदार टेबल चुलत दिरांच्या माळ्यावर धूळ खात पडलं असण्याची शक्यता चांगली आहे. मागण्याआधी संबंध कसे आहेत तेवढं बघा.

घरात मिळालं नाही तर पुणे तुम्हाला जवळचं. तिथे मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. सुट्या कड्या, कोयंडे, मुठी, बिजागऱ्या फडक्यावर पसरलेल्या असतात आणि त्यात पाडलेल्या वाड्यांतून निघालेला मालही येतो. सकाळी लवकर जा, दुपारी चांगलं काही उरत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरची जुनी दुकानं आहेत. तिथे काउंटरवर ठेवलेल्या मालावर समाधान मानू नका. नमुना पुढे ठेवून दुकानातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा. न खपलेला जुना माल कुठल्या फळीवर आहे, हे त्यालाच माहीत असतं.

मुंबईला जाणं झालं तर चोर बाजारात मटन स्ट्रीट गाठा, पण शुक्रवारी नको, तेव्हा तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात. जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे जुन्या फर्निचरची दुरुस्ती करून विकणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. हे लोक मोडकी कपाटं घेतात, लाकूड वापरतात आणि निघालेलं पितळ पेटीत टाकतात. त्या पेटीत हात घालू दिला तर वेळ काढून बसा. आपल्याला अख्खं हँडलच हवं असं नाही, हेही ध्यानात असू द्या. एका हँडलाची पट्टी आणि दुसऱ्याची कडी जमून एक पुरं होतं.

तिथे ‘अँटिक’ म्हणून दाखवलेला सगळाच माल जुना नसतो. नव्यालाच काळपट रंग देऊन तो नावाला अँटिक केलेला असतो. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड, वर पिवळा मुलामा. पण नाही चिकटला म्हणजे पितळच, असा उलट निष्कर्ष काढू नका, आणि हीच चूक सर्रास होते. बाजारात आज जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची हँडलं पुष्कळ आहेत आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. म्हणून विकणाऱ्याची परवानगी घेऊन मागच्या बाजूला कानशीने बारीक ओरखडा काढा. पिवळा निघाला तर पितळ, करडा निघाला तर जस्त. जस्ताचं हँडल वाईट असं नाही, पण स्वच्छ करताना वरचा रंग गेला की आतून राखाडी डोकावतं, आणि मग ते शेजारच्या खऱ्या पितळेजवळ उपऱ्यासारखं दिसतं.

इतकं फिरूनही जोड नाहीच मिळाली, तर नमुन्यावरून करून घेता येतं. मात्र योग्य माणसाकडे जा. पितळ-तांब्याचं काम म्हटलं की लोक पुण्यातल्या तांबट आळीत पोचतात. तांबट पत्रा ठोकून भांडी घडवतात, त्यांचं कसब वेगळं. तुम्हाला ओतारी हवा, म्हणजे घंटा, मूर्ती ओतणारा. तो तुमचं हँडल बारीक ओल्या वाळूत दाबून ठसा घेतो आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततो. इथे निसर्गाचा एक नियम आड येतो. पितळ गार होताना आकसतं, सुमारे शंभराला दीड या प्रमाणात. चार इंचाचं हँडल नमुन्यावरून ओतलं की दीड मिलिमीटर आखूड निघतं. एवढ्याने नक्षीत फरक कळत नाही, पण भोकं चुकतात. म्हणून ओताऱ्याला बजावून सांगा, पट्टीतली भोकं साच्यातून आणू नका, ओतल्यावर माझ्या कागदावरच्या मापाने पाडा. कडी आणि खुंट्यांचं अंतरही त्याच मापाला धरून जुळवायला सांगा. दोन लागत असतील तर तीन-चार करून घ्या. भट्टी एकदा पेटली की चार हँडलांना दोनापेक्षा फार जास्त कष्ट पडत नाहीत, आणि उरलेली पुढच्या पिढीच्या डब्यात जातील. पट्टी पत्र्याची, ठशाने दाबलेली असेल, तर ती ओतण्यापेक्षा पत्र्यातूनच कापून घेतलेली बरी.

आता बसवताना थोडी लबाडी करायची. नवी दोन हँडलं आहेत त्या रिकाम्या जागी बसवू नका. खालच्या ड्रॉवरांची मूळ हँडलं वर आणा आणि नवी अगदी तळाला लावा. डोळा उभ्या माणसाच्या उंचीवर चौकशी करतो, गुडघ्याखाली वाकून बघत नाही. रंग जुळवण्यासाठी जुन्यांना चिंच-लिंबू चोळून चकचकीत करण्याचा मोह होतो, तो टाळा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ बराच वेळ राहिला तर पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि पितळेवर तांबूस-गुलाबी डाग उरतात. जुन्यांना साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. उलट नव्यांचं लॅकर थिनरने काढा आणि एक पावसाळा जाऊ द्या. रोजचा हात लागून ती आपोआप मुरतात.

बिजागरीचा प्रश्न तुम्हाला हँडलापेक्षा अवघड वाटत असेल, पण तो सोपा आहे. बिजागऱ्या अजूनही दोन, अडीच, तीन इंच याच मापांना धरून बनतात. खोक्यावर ७५ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी ते तीन इंचाला जेमतेम मिलिमीटरभर कमी, खाचेत बसून जातं. फक्त तीन गोष्टी बघा : लांबी, उघडल्यावरची पूर्ण रुंदी, आणि पट्टीची जाडी. अडचण जाडीची. जुनी बिजागरी जाड पितळेची, नवी बऱ्याचदा दाबलेल्या पातळ पत्र्याची. पातळ पट्टी जुन्या खोल खाचेत बुडते. मग दार बिजागरीकडच्या बाजूला ओढलं जातं, चौकटीला घासतं आणि बंद होताना कुरकुरतं. लोकांना वाटतं दार फुगलं, आणि रंधा मारून घेतात. रंध्याची काही गरज नसते. खाचेत जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घालून वर बिजागरी बसवली की काम झालं. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा याला उत्तम असतो आणि त्याला घरात तोटा नसतो.

सुतार कदाचित ‘ऑटो हिंज’ सुचवेल. ती आपोआप दार मिटवणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी. चांगली असते, पण तिच्या वाटीसाठी दारात ३५ मिलिमीटर व्यासाचं भोक खोदावं लागतं. सागवानी दाराच्या चौकटीची पट्टी मुळात अरुंद, त्यात एवढं भोक पडलं की ती कमजोर होते. याला सरळ नाही म्हणा.

जुनी स्क्रूची भोकं ढिली झाली असतील तर जाड स्क्रू ठोकू नका. बांबूच्या किंवा सागाच्याच बारीक काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च बसवा, रात्रभर वाळू द्या, सपाट कापा आणि मग नवं बारीक भोक पाडा. पितळी स्क्रू पिळण्याआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून एकदा आत-बाहेर करा. त्याने वाट मोकळी होते आणि पितळी स्क्रूची मान मोडत नाही.

प्रश्न : वडिलांच्या लिहिण्याच्या टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली हरवली आहे. किल्लीवाला म्हणतो, कुलूप तोडावं लागेल. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा आहे. आधी घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या लावून बघा. हे थट्टेने सांगत नाही. टेबल-कपाटाच्या साध्या कुलपांत सुरक्षा बेताचीच असायची. आत एक-दोन आडव्या पट्ट्या असतात आणि किल्लीच्या दातांना तेवढ्या खाचा असल्या की ती फिरते. त्यामुळे एका टेबलाची किल्ली दुसऱ्याला चालण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. लिव्हरचं कुलूप असेल तर मात्र असं सहज होत नाही. त्यात प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलला जावा लागतो. ही कल्पना १७७८ची, रॉबर्ट बॅरन या इंग्रजाची. किल्ली निवडताना भोकात डोकावून बघा. आत मधोमध बारीक खुंटी दिसली तर नळीसारखी पोकळ किल्ली लागेल, भरीव आत जाणारच नाही.

काहीच लागली नाही, तर कुलूप न तोडता काढा. ड्रॉवरच्या कुलपाचे स्क्रू आतल्या बाजूने असतात. टेबलाची मागची फळी बऱ्याचदा थोड्याच स्क्रूंवर असते. ती काढली की मागून हात घालून आखूड स्क्रूड्रायव्हरने ते सोडवता येतात. वर दुसरा ड्रॉवर असेल आणि तो उघडा असेल, तर तो काढून वरूनही हात पोचतो. कुलूप हातात आलं की कुठलाही बरा किल्लीवाला ते उघडून, लिव्हर बघून, कानशीने किल्ली घासून देतो. दारात उभं राहून तोडायला सांगणारा आणि कुलूप टेबलावर ठेवल्यावर किल्ली करून देणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो.

नवं कुलूप घ्यायचीच वेळ आली, तर कुलपाच्या वरच्या कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. ते चुकलं तर लाकडातलं भोक आणि कुलपातलं भोक समोरासमोर येत नाहीत, आणि पुन्हा तेच, सुतार पटाशी काढतो.

प्रश्न : माजघरातल्या झोपाळ्याच्या पितळी साखळीची एक कडी तुटली. जुन्या बाजारातून तशीच जुनी कडी आणून लावावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. वर साताऱ्याच्या बाईंना जुनं शोधा म्हणून सांगितलं, ते इथे लागू नाही. हँडल तुटलं तर ड्रॉवर अडतो, झोपाळ्याची कडी तुटली तर माणूस पडतो.

पितळेचा एक दोष डोळ्यांना दिसत नाही. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांत काडतुसांच्या पितळी नळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. पितळ खराब असेल, असं आधी वाटलं. १९२१च्या सुमारास उलगडा झाला. काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असायची, घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघायचा, आणि दमट हवेत ताण असलेल्या पितळेवर त्याचा मारा झाला की धातू आतून चिरत जायचा. थंड स्थितीत वाकवून केलेल्या कडीतही असा ताण राहतो. कोकणातली हवा दमट. जुन्या बाजारातली कडी आधी कुठे होती, गोठ्याशेजारी की दिवाणखान्यात, हे विकणाराही सांगू शकणार नाही.

म्हणून एक कडी तुटली असली तरी चारही साखळ्या खाली उतरवा. कडीवर कडी घासते त्या जागा निरखा. तिथे धातू झिजून मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशाहून कमी उरला असेल, तर ती कडी बाद. तुटलेल्या कडीचा छेद बघा. तो संपूर्ण ताजा पिवळा असेल तर एका झटक्यात तुटली. निम्मा काळवंडलेला असेल तर चीर जुनी आहे आणि बाकीच्या कड्यांवरही विश्वास ठेवू नका. नवी साखळी वजनासाठी म्हणूनच बनवलेली, ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन घ्या. तुळईतल्या लोखंडी हुकाची वरची बाजूही शिडीवर चढून बघा, कारण कडी तिथेच टेकते आणि खालून ती झीज दिसत नाही. आणि काच पुसायच्या अमोनियाच्या द्रावणाने झोपाळ्याची साखळी पुसू नका, घरात कितीही उरलेलं असलं तरी.